यादीत सगळ्यात खालचं नाव: एका हौशी वॉटर स्की लीगच्या ॲपचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या हौशी वॉटर स्कीवाल्यांच्या लीगचं आहे, आणि त्यावर काम करणारे आम्ही तिघं साकोलीला कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत बसतो. काम कसं आलं तर माझा आतेभाऊ तिकडे नोकरीला आहे, ऑफिसातल्या लोकांसोबत स्की शिकला, आणि त्यांच्या लीगचं ॲप बनवणारी कंपनी मधातच काम सोडून गेली तेव्हा त्यानं तिथल्या संयोजकांना आमचं नाव सांगितलं. वॉटर स्की म्हणजे पायाला फळ्या बांधून, बोटीला लावलेली दोरी धरून बोटीमागे पाण्यावर घसरत जायचं, आणि आमच्यापैकी कोणी ती कधी डोळ्यानं पाहिलेली नव्हती. पण तलाव म्हणाल तर भंडारा-गोंदियाच्या माणसाला तलाव काय असतो ते सांगावं लागत नाही, आणि मिनेसोटाही तलावांचंच राज्य, गाड्यांच्या नंबर प्लेटवर दहा हजार तलाव म्हणून लिहिलेलं असते.

हौशी म्हणजे नेमके कोण हे आधी सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावरच आहे. शाळेत शिकवणारे, दवाखान्यात काम करणारे, रिटायर झालेले लोक, दोन-चार घरांत मिळून एक बोट, आणि मे ते सप्टेंबर संध्याकाळी काम आटोपलं की तासभर पाण्यावर. पुढे पाणी थंड पडत जाते आणि हिवाळ्यात तलाव गोठतात, म्हणजे वर्षाचा खेळ या पाच महिन्यांतच. हा खेळ जन्मला पण तिथंच, १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं फळ्यांची टोकं वाकवून पायाला बांधली आणि बोटीमागे उभा राहून दाखवलं. त्यामुळे तिथल्या लोकांना हा आपल्या गावचा खेळ वाटतो, मेडल मिळो न मिळो.

लीग कशी चालायची तर प्रत्येक गट आपापल्या तलावावर स्लॅलम, म्हणजे तरंगत्या बॉलना वळसे घालायचा स्कीचा प्रकार, खेळणार, स्कोर ॲपवर टाकणार, आणि ॲप सगळ्या तलावांची मिळून यादी लावणार. कोणालाच गाडी काढून दूर जायची गरज नाही. कल्पना खरंच चांगली होती. सीझनच्या सुरुवातीला लोकांनी भरभरून स्कोर टाकले, आणि जुलै लागता लागता निम्म्याच्या वर नवे खेळाडू गप्प झाले. पाण्यावर जात होते, स्कोर टाकत नव्हते. मग हळूहळू काही जणांनी पाण्यावर जाणंही कमी केलं. संयोजकांचं म्हणणं होतं की ॲप स्लो आहे, फोटो लोड होत नाहीत, ते दुरुस्त करा, लोक परत येतील.

फोटोचं आम्ही लवकरच दुरुस्त केलं. लोक आले नाहीत.

मग आतेभावाला फोन लावला, कारण तोही गप्प झालेल्यांपैकीच एक होता. तो म्हणाला, "दादा, मी खाली आहो याची लाज नाही वाटत. पण किती बी चांगला खेळलो तरी नाव तिथंच दिसते, मग काहून टाकावं सांग." हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं, आणि तिथून आम्ही कोड बंद करून आधी खेळ समजून घ्यायला बसलो.

स्लॅलम असा असते. पाण्यात २५९ मीटरचा कोर्स मांडलेला, मधातून बोट सरळ जाते, आणि बोटीच्या रेषेपासून ११.५ मीटर बाजूला एकाआड एक डावी-उजवीकडे सहा बॉल तरंगत असतात. स्कीवाल्यानं आधी गेटमधून, म्हणजे कोर्सच्या टोकाला जोडीनं ठेवलेल्या बॉलच्या मधातून, आत शिरायचं, सहाही बॉलना बाहेरून वळसा घालायचा आणि दुसऱ्या टोकाच्या गेटमधून बाहेर पडायचं. सहा झाले की पास पूर्ण. मग बोटीचा स्पीड ३ किलोमीटरनं वाढवतात आणि पुन्हा. बॉल चुकला किंवा पडला की डाव संपला, तोपर्यंत घेतलेले बॉल हा स्कोर, त्यात पाव आणि अर्धा बॉलही धरतात. स्पीड वाढवत वाढवत पुरुषांच्या खुल्या गटात ५८ किलोमीटरपर्यंत आणि बायकांच्या गटात ५५ पर्यंत नेतात, त्याच्या पुढे स्पीड थांबतो आणि दोरी आखूड व्हायला लागते: १८.२५ मीटरवरून १६, मग १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५ असं. आता इथे पाहा, बॉल ११.५ मीटरवर आहे आणि दोरी ११.२५ ची झाली, म्हणजे दोरी बॉलपर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर माणसानं अंग झोकून, हात लांबवून काढायचं. ते सुद्धा ५५ च्या स्पीडला, जिथं सगळा कोर्स १७ सेकंदांत संपते. हे कागदावर आकृती काढून समजलं तेव्हा आमच्या टीममधली पोरगी, लाखांदूरची आहे, डिझाईन तीच करते, ती म्हणाली की हे लोक माणसं आहेत का कोण.

आता जुनी यादी काय करत होती ते बघा. प्रत्येक पूर्ण पासचे सहा धरून सगळ्यांची एकच शिडी केली होती, २५ किलोमीटरपासून मोजायला सुरुवात. आतेभाऊ ४० पर्यंत सगळे पास काढून ४३ ला तीन बॉल घ्यायचा, म्हणजे ६ पास गुणिले ६ आणि वर ३, एकूण ३९. त्याच लीगमधल्या एक बाई ५५ च्या स्पीडला दोरी १२ पर्यंत आणून ११.२५ ला दोन बॉल घेत होत्या, त्यांचे ९२. आतेभावानं रात्रंदिवस मेहनत करून ३९ चे ४५ केले, म्हणजे अख्खा एक पास वाढवला, जे नव्या माणसासाठी फार मोठं आहे, तरी यादीत त्याचा नंबर शेवटून दुसऱ्याचा शेवटून तिसरा होणार. हिशोब चुकीचा नव्हताच. हौशी लीगमध्ये जो प्रश्न कोणी विचारत नव्हतं, त्याचं उत्तर ती यादी देत होती.

संयोजकांकडून पहिला उपाय आला तो वय आणि स्त्री-पुरुष असे गट करायचा, जसे अधिकृत स्पर्धांमध्ये असतात. आम्ही आकडे लावून पाहिले तर एकेका गटात एका तलावावर एक नाही तर दोन माणसं उरत होती. एकट्याच्या गटात पहिला नंबर येऊन काय करायचं. शिवाय ६० वर्षांचे एक गृहस्थ तिशीतल्या पोरांपेक्षा कितीतरी चांगले खेळत होते, वयाचा गट हौशी लोकांत फारसं काही सांगत नाही.

रस्ता सापडला तो बाबांकडून. आमच्याकडे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असते, रात्री नाटक आणि दिवसा पट, बाबा बरीच वर्षं पटात घड्याळ धरायला बसत. पटावर २०१४ ला बंदी आली तेव्हा ते सगळं थांबलं, डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिल्यावर पुन्हा सुरू झालं. मी जेवताना त्यांना सगळी भानगड सांगितली तर ते म्हणाले, "गावच्या जोडीले बाहेरच्या कसलेल्या जोडीसंग पळवशील तं पुढच्या वर्षी गावची जोडी येईन का? म्हणून तं गावच्या जोड्यायचा गट वेगळा ठेवा लागते. अन् शेतकरी घरी जाऊन काय सांगते माहीत आहे का, मागच्या साली इतके सेकंद लागले होते, औंदा इतके लागले." यातलं दुसरं वाक्य आमच्या कामाचं होतं. गट पाडणं हा अर्धाच इलाज. मागच्या वेळेसशी तुलना, हे जास्त महत्त्वाचं.

त्यावरून आम्ही यादीचा मूळ हिशोबच बदलला. प्रत्येकाचा एक बेस स्कोर, आणि लीगमध्ये मोजायचं ते बेसपेक्षा आज किती वर किंवा खाली. सांगायला सोपं आहे, पण करायला बसलो तसे एकेक प्रश्न निघत गेले आणि खरं काम तिथेच झालं.

पहिला प्रश्न, बेस काढायचा कसा. सरळ सरासरी घेतली तर कोणी मॅचच्या आधी मुद्दाम दोन-तीनदा वाईट खेळून बेस खाली आणू शकते. गोल्फमध्ये हा आजार जुना आहे आणि त्यांनी इलाज पण शोधलेला आहे, २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत, म्हणजे खेळाडूची ताकद पाहून सवलत ठरवायच्या पद्धतीत, शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सगळ्यात चांगल्या ८ धरतात, वाईट फेऱ्या मोजायच्याच नाहीत. स्कीचा सीझन छोटा, २० डाव जमायला अर्धा सीझन जाईल, म्हणून आम्ही शेवटच्या ८ मधले चांगले ४ घेतले. वरून एका संध्याकाळी जास्तीत जास्त ६ बॉलचीच वाढ मोजायची असं ठरवलं, म्हणजे मुद्दाम खाली राहून एकदम उडी मारण्यात फायदा उरत नाही. नव्या माणसाचे पहिले तीन डाव फक्त बेस बनवण्यासाठी, त्यांचे गुण नाहीत, आणि हे त्याला स्क्रीनवर स्वच्छ शब्दांत सांगायचं.

दुसरा प्रश्न त्या ९२ वाल्या बाईंनीच उचलला आणि त्यांचं बरोबर होतं. ४० च्या स्पीडला शिकणारा माणूस एका महिन्यात सहा बॉल वाढवू शकते, ११.२५ च्या दोरीवर सरासरी अर्धा बॉल वाढवायला अख्खा सीझन जाते. नुसता फरक मोजला तर वरचे खेळाडू कायमचे हरणार, म्हणजे अन्याय इकडून उचलून तिकडे ठेवला एवढंच. त्यावर आम्ही त्यांचे जुने स्कोर काढले, कोणत्या टप्प्यावर माणूस सीझनभरात किती सुधारते ते पाहिलं, आणि टप्प्याप्रमाणे वजन लावलं. दोरी पूर्ण आहे तोपर्यंत एका बॉलला एक गुण, १६ ते १३ मीटरमध्ये दीड, १२ ला दोन, ११.२५ आणि त्याहून आखूड दोरीला तीन. हे आकडे काही शास्त्र नाही, दर सीझनला ते पुन्हा तपासायचेच आहेत. पण आकडे कसे आले ते आम्ही लीगमधल्या सगळ्यांसमोर मांडलं, लपवलं नाही, त्यामुळे भांडण झालं ते आकड्यांवर झालं, आमच्या हेतूवर कोणी बोललं नाही. वरच्या खेळाडूंसाठी जुनी कच्च्या स्कोरची यादीही तशीच ठेवली, फक्त पहिल्या स्क्रीनवरून काढून आत नेली. ज्याला पाहायची त्यानं उघडून पाहावी.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो आम्हाला अमेरिकेतून कोणी सांगितला नाही. गावच्या तलावावर मासेमारी करणारे एक धीवर काका आहेत, त्यांच्यासोबत सहज बोलत होतो की वेगवेगळ्या तलावावरचे लोक एकाच खेळात तोलायचे आहेत. ते म्हणाले, "अरे, पाणी पाण्यात फरक असते ना बाप्पा. पाळीवर लाट आदळली तं वापस येते, उताराच्या काठावर गेली तं मरून जाते." स्कीवाल्यांना हीच अडचण असते हे नंतर कळलं, बोट वळताना उठवलेली लाट परत कोर्समध्ये आली की पुढच्या पासला पाणी खडबडीत होते, म्हणून कोर्सच्या टोकाला बोट कशी वळवायची याचे त्यांचे नियम असतात. उभ्या भिंतीच्या काठाचा तलाव आणि लव्हाळ्याच्या उताराचा तलाव सारखा नाही. आता बेस पद्धतीचा एक मोठा फायदा इथे आपोआप मिळाला, माणसाची तुलना त्याच्याच तलावावरच्या त्याच्याच स्कोरशी होते, त्यामुळे तलावाचा फरक दोन्ही बाजूंनी कटून जाते. उरला वारा, तर त्यासाठी स्कोर टाकताना पाणी शांत, हलकं, खडबडीत असे तीन बटन दिले.

मग भरवशाचा प्रश्न. आधीच्या कंपनीनं प्रत्येक स्कोरला व्हिडिओ सक्तीचा केला होता. तलावाच्या मधात नेटवर्क आधीच कमी, फोन पाण्यापासून वाचवायला पिशवीत, ओल्या हातानं व्हिडिओ कोण चढवणार? आम्ही नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला राहतो, रेंज नसताना माणूस फोनशी कसा वागते हे आम्हाला चांगलं माहीत आहे. तो एकदा प्रयत्न करते, दोनदा करते, मग सोडून देते आणि त्या गोष्टीकडे परत जात नाही. म्हणून सगळं आधी फोनमध्ये जमा होईल आणि रेंज आली की आपोआप जाईल असं केलं, आणि त्याची टेस्टिंग जंगलाच्या कडेला जाऊनच केली.

व्हिडिओच्या जागी काय, तर माणूस. स्कीला एकटं जाताच येत नाही. बोट चालवणारा एक लागते, आणि मागे तोंड करून स्कीवाल्यावर नजर ठेवणारा आणखी एक लागते, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तसा कायदाच आहे, मिनेसोटात माणूस नसेल तर निदान रुंद आरसा पाहिजे. म्हणजे साक्षीदार बोटीत आधीच बसलेला आहे. मग स्कोर स्कीवाल्यानं टाकायचाच नाही, तो टाकणार मागे पाहणारा, आणि ड्रायव्हर काठावर आल्यावर मंजूर करणार. दोघांची नावं स्कोरच्या खाली दिसतात. आपल्या नावाखाली खोटा आकडा शेजाऱ्यांना दिसावा असं कोणाला वाटत नाही, आणि यात एक गोष्ट अशी झाली जी आम्ही ठरवलेली नव्हती: बोट चालवणाऱ्या आणि नजर ठेवणाऱ्या लोकांची नावं पहिल्यांदा कुठेतरी लिहिली जाऊ लागली. हे लोक पूर्ण सीझन दुसऱ्यांसाठी बोटीत बसतात आणि कोणत्याही यादीत नसतात. त्यांच्यासाठी आम्ही वेगळी नोंद ठेवली, किती पास चालवले, किती पाहिले, आणि माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात चांगलं काही असेल तर ते हेच.

यावरूनच सोशल म्हणजे काय तेही उमगलं. जुन्या ॲपमध्ये सोशल म्हणजे फोटो आणि लाईक. पण लोकांची खरी अडचण विचारली तर एकच होती, आज संध्याकाळी तिसरा माणूस मिळत नाही. दोघं तयार आहेत आणि नजर ठेवायला कोणी नाही म्हणून बोट निघत नाही. तर पहिल्या स्क्रीनवर आम्ही एकच गोष्ट टाकली: आज बोट किती वाजता निघते, कोणाच्या बोटीत जागा रिकामी आहे, एका बटनावर येतो म्हणून सांगा. फोटो आहेत, पण खाली. सगळ्यात जास्त वापर याच बटनाचा झाला, आणि गप्प बसलेले बरेच जण आधी नजर ठेवायला म्हणून परत आले, मग स्की घालून.

लहान मुलांचं थोडक्यात सांगतो. तिथं १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाईन घेण्यावर कडक कायदा आहे, आईवडिलांची परवानगी लागते, म्हणून मुलांचं वेगळं खातं नाहीच, पालकाच्या खात्यात फक्त टोपणनाव, फोटो नाही. बोट निघायची वेळ आणि जागा फक्त त्या तलावाच्या गटाला दिसते, बाहेरच्यांना नाही. सगळं घर पाण्यावर गेलंय आणि घर रिकामं आहे हे जगाला सांगायचं कशाला.

वेळेचा मामला मात्र आमच्या अंगावर होता. उन्हाळ्यात मिनेसोटा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, तिथं संध्याकाळचे ७ म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच. सगळे स्कोर त्याच वेळेला येणार, आणि नेमकं पावसाळ्यात आपली लाईन जाणार. इन्व्हर्टर घेतला, आणि पहाटे एक जण जागा राहील अशी पाळी लावली. अर्जुनीचा जो पोट्टा आमच्यात आहे त्यानं ती पाळी सगळ्यात जास्त केली, तो तसाही पहाटे उठून म्हशीचं दूध काढते आणि मग लॅपटॉप उघडते, आणि त्या वेळेला तिकडच्या माणसाला दोन मिनिटांत उत्तर मिळालं की त्याला किती बरं वाटते हे आम्ही मेसेजमध्ये वाचलेलं आहे.

ऑगस्टमध्ये नवी यादी चालू झाली. नवे खेळाडू स्कोर टाकायला लागले, आतेभाऊ एका आठवड्यात बेसच्या वर पाच बॉल गेला आणि त्या आठवड्याच्या यादीत त्याचं नाव त्या ९२ वाल्या बाईंच्या खालोखाल लागलं, त्यांनी त्याच आठवड्यात ११.२५ वर आणखी दोन बॉल काढले होते, सहा गुणांचे. नाराज पण झाले काही जण. वरच्या चार-पाच खेळाडूंना अजूनही वाटते की कच्ची यादीच पहिली दिसावी, आणि एका तलावाचे लोक वजनाच्या आकड्यांवर अजून समाधानी नाहीत.

गेटचा वाद तर मिटलाच नाही. अधिकृत नियमात आत शिरायचं गेट चुकलं की त्या पासचा स्कोर शून्य, सहा बॉल घेतले तरी. काही तलावांचं म्हणणं की लीग आहे तर नियम पाळा. माझं मत स्पष्ट आहे, ४० च्या खालच्या स्पीडला गेट मोजूच नये, शिकणाऱ्या पोरानं पहिल्यांदा सहा बॉल घेतले आणि ॲपनं त्याला शून्य दाखवलं तर तो पुन्हा येणार नाही. सध्या प्रत्येक तलावाला आपापला नियम निवडायची सोय दिली आहे आणि गेट चुकलेल्या पासवर छोटी खूण दिसते. त्यामुळे बेस बिघडत नाही, कारण एका तलावाचा नियम सीझनभर एकच राहते, मधात बदलता येत नाही.

वॉटर स्कीचे बाकीचे दोन प्रकार, ट्रिक आणि जंप, आम्ही घेतलेच नाहीत. ट्रिकमध्ये २० सेकंदांत केलेल्या प्रत्येक करामतीचे ठरलेले गुण असतात, ते बोटीतून पाहून बरोबर लिहायला तयार डोळा लागते, आणि जंपला रॅम्प आणि अंतर मोजायची व्यवस्था लागते, घरच्या तलावावर दोन्ही नाही. आता तलाव गोठलेले आहेत, ॲपवर कोणी नाही. टप्प्यांचं वजन नव्या आकड्यांवर पुन्हा लावणं चालू आहे, आणि बर्फ वितळून पहिली बोट निघायच्या आधी ते सगळ्या तलावांना पाठवून त्यांच्याकडून हरकती मागवायच्या आहेत.